चौथ्या मजल्यावरची बंद लिफ्ट

लातूरला फ्लॅट घेतला तेव्हा चौथा मजला हिनेच पसंत केला. वारा लागतो, डास येत नाहीत, म्हणाली. मी कंधारला मास्तर होतो. निवृत्तीनंतर लेकीच्या जवळ राहावं म्हणून आम्ही इकडे आलो. हिचे गुडघे तेव्हाही दुखत होते, पण लिफ्ट होती.

पुढं ती लिफ्ट बंद पडली. मिस्तरी म्हणाला, मोटार गेली, नवीन बसवा. चौथ्या मजल्यावर तेव्हा आम्ही दोघंच राहत होतो. सोसायटीची बैठक पार्किंगमध्ये भरली. चेअरमन तळमजल्यावर राहायचे. आडतीचं दुकान, बोलायला फार गोड माणूस.

"सर, जे वापरतात त्यांनी बघावं," ते म्हणाले. "आम्ही कधी चढलो का लिफ्टमधी?"

"बोअरची मोटार जळाली तेव्हा सगळ्यांनी भरलं की."

"पाण्याचं वेगळं हाय. पाणी सगळ्यांला लागतं."

सगळ्यांनी वर्गणी काढावी असं ज्यांना वाटतं त्यांना हात वर करायला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचं तरुण जोडपं रोज जिन्यात मला नमस्कार करायचं. त्यांनीही हात खालीच ठेवले. शेवटी मी म्हणालो, राहू द्या, मी एकटाच करून घेतो. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "तसं करता येत न्हाई सर. लिफ्ट सामाईक हाय. ठराव झाल्याशिवाय एकट्यानं हात लावायचा न्हाई." खर्चाच्या वेळी आमची असलेली लिफ्ट एवढ्यात सगळ्यांची झाली.

हिचं खाली जाणं थांबलं. सोमवारचं महादेवाचं देऊळ सुटलं. भिशीतल्या बायका सुरुवातीला वर यायच्या, मग नुसता प्रसाद पाठवू लागल्या. संध्याकाळी त्या खाली बाकावर बसायच्या आणि ही बाल्कनीतून बघायची. एकदा हिने वरून हाक मारली. एकीने मान वर केली, हात हलवला आणि पुन्हा गप्पांत रमली. त्या दिवसापासून हिने खुर्ची आत घेतली.

मग उदगीरहून फोन आला, हिची थोरली बहीण गेली. जायलाच हवं होतं. शेजाऱ्यांनी हिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं खाली आणलं. खुर्चीचा एक पाय चेअरमननी स्वतः धरला होता. "काकू, भिऊ नका. कधीबी सांगा, आम्ही हाव ना," असं ते प्रत्येक वळणावर म्हणत होते. हिने पदर तोंडावर ओढून घेतला होता. दारादारांत माणसं उभी होती.

गाडी निघाल्यावर हिने तोंडावरचा पदर बाजूला केला. मग म्हणाली, "तिथं वर मला परत नेऊ नका."

मी नेलं नाही. उदगीरहून लेकीकडे गेलो, नंतर तिच्याच गल्लीत बैठं घर भाड्याने घेतलं. फ्लॅट चेअरमनच्या मेहुण्याने विकत घेतला. तो राहायला येण्याआधी बैठक झाली, ठराव झाला, सगळ्यांनी वर्गणी दिली आणि लिफ्ट सुरू झाली. हे मला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तरुणाने बाजारात सांगितलं. सांगताना तो भाजी निवडत होता.

मागच्या लग्नसराईत एका पंगतीत चेअरमन भेटले. "काकूंला घेऊन या की एकदा," ते म्हणाले. "आता लिफ्ट लई झकास झाली."

ही शेजारीच बसली होती. तिने त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली, बाळ कुणावर गेलं ते विचारलं. माझ्याच्यानं तिथं बसवेना. मी अर्ध्या ताटावरून उठून हात धुवायला गेलो.