अल्बममधली मुलगी

आमच्या कंपनीत रुजू झालं की प्रत्येकाला एक कुटुंब मिळायचं. सुट्टीतल्या मुक्कामाची पंचवीस वर्षांची मेंबरशिप आम्ही विकायचो. एकदा पैसे भरा आणि दरवर्षी आठवडाभर कंपनीच्या रिसॉर्टवर राहा, असा तो प्रकार. ट्रेनिंगच्या नावाखाली आम्हाला महाबळेश्वरजवळच्या रिसॉर्टवर नेलं, जोड्या लावल्या आणि फोटो काढले. शेजारच्या टेबलावरचा सहकारी माझा नवरा झाला आणि मॅनेजरची पाच वर्षांची भाची माझी मुलगी. माझं तर लग्नही झालेलं नव्हतं. गिऱ्हाइकाने "तुम्ही स्वतः घेतलीय का?" असं विचारलं, की अल्बम उघडायचा, हा नियम.

मला त्या अल्बमची किळस यायची. पण दुसरा नियम त्याहून वाईट होता. ज्याची विक्री शून्य, त्याने सकाळच्या मीटिंगमध्ये शेवटपर्यंत उभं राहायचं. मी सलग सहा दिवस उभी होते. "उद्याही उभ्या राहिलात, तर परवा येऊ नका," मॅनेजरने सगळ्यांसमोर सुनावलं. वडिलांची नोकरी सुटली होती, घर माझ्या पगारावर चाललं होतं. मी मान हलवली.

त्या दुपारी धायरीचं एक जोडपं आलं. काका शाळेच्या ऑफिसातून नुकतेच रिटायर झालेले, काकू गुडघ्याला पट्टा बांधून आलेल्या. "मुलगा हिंजवडीला," काकू म्हणाल्या. "रजा मिळते ती फक्त दिवाळीत. नातवंडांबरोबर चार दिवस एकत्र राहता आलं तर बरं."

"दिवाळीत हमखास मिळतं," मी म्हटलं. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आपण स्वतः घेतलंय का हे? की आग्रह फक्त आम्हालाच?"

मी अल्बम उघडला. काकू फोटोतल्या मुलीकडे बघतच राहिल्या. कितवीत आहे, नीट जेवते का, तुम्ही कामावर आलात की कुणाजवळ राहते, सगळं विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली आणि सांगायला लाज वाटते, पण फार छान दिली. काकांनी चेक लिहिला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. निघताना काकूंनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "लेकीला द्या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मला खुर्ची मिळाली.

नवव्या दिवशी काकूंचा फोन आला, तेव्हा मॅनेजर माझ्याच टेबलाला टेकून उभा होता. "अहो, पुढच्या तीन दिवाळ्या भरल्यात म्हणे," काकू म्हणाल्या. "तुम्हाला तर दरवर्षी मिळतं ना? तुमच्या लेकीच्या शेजारची खोली बघा की आमच्यासाठी. कुठल्याही कोपऱ्यातली चालेल."

करारात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक अट होती: दहा दिवसांत लेखी कळवलं तर पैसे परत. ती तोंडाने सांगायला आम्हाला सक्त मनाई होती. मॅनेजरने माझा चेहरा बघितला आणि फोन ठेवण्याची खूण केली. मला त्याची भीती वाटत होती, पण त्या कोपऱ्यातल्या खोलीने मला जास्त घाबरवलं.

"काकू, ती मुलगी माझी नाही," मी म्हटलं. "मी कधीच कुठे गेले नाही. पैसे परत मागायची मुदत उद्या संपतेय. काकांना आजच पत्र घेऊन पाठवा. पोच मिळाल्याशिवाय हलू नका म्हणावं."

"पर्स उचला," मॅनेजर शांतपणे म्हणाला.

त्यांचे पैसे परत मिळाले, हे मला पुढे माझ्या फोटोतल्या नवऱ्याकडून कळलं. त्या वेळी मात्र फोन माझ्या कानालाच होता. आता काकू मला चार शब्द सुनावणार, असं वाटलं.

"मग लाडू कोणी खाल्ला?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं.