काळ्या लाकडाचा पाट

माझा धाकटा भाऊ गेल्या दिवाळीत मॉरिशसहून कॉव्हेंट्रीला आला, तो भाऊबिजेसाठी नव्हे. त्याला माझी सही हवी होती. मला ते ठाऊक होतं. मला ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

आमचे आजोबा रत्नागिरीहून मॉरिशसला ऊस तोडायला गेले. पुढे बापाने डोंगराचा एक उतार घेतला. आजूबाजूला साहेबांनी जंगल कापून ऊस लावला होता, पण त्या उतारावर आबनूस उभा होता. आम्ही त्याला काळं लाकूड म्हणायचो. मनगटाएवढं खोड व्हायला माणसाचा अर्धा जन्म जातो. बाप त्याला कोयता लावू देत नसे. मरताना त्याने वरचा भाग भावाला दिला, खालचा मला. मी तेव्हा इथे कारखान्यात मोटारींच्या सीटा शिवत होते.

चार वर्षांपूर्वी भावाने वरचं सगळं कापलं. बंगले बांधायचे होते. मशीन आलंच होतं, म्हणून माझ्याही भागात फिरवलं. फोनवर म्हणाला, थोडी झुडपं साफ केली. रानपेरू तेवढे ठेवले, कारण त्यांना फळ येतं. तो पेरू बाहेरून आलेला. तिथलं रान तोच गिळतो. मी सहावीपर्यंत शिकले, पण एवढं मला कळतं.

आता बंगल्यांना रस्ता हवा होता आणि वर जायला माझ्या जमिनीखेरीज वाट नाही.

भाऊबिजेला त्याने बॅगेतून एक पाट काढला. काळा, गुळगुळीत, चांगला हातभर रुंद. म्हणाला, तुझ्याच भागातलं लाकूड, मुद्दाम घडवून घेतलं. झुडपातून असा पाट निघत नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मी तो हीटरसमोर मांडला, त्यावर त्याला बसवलं, टिळा लावला, ओवाळलं. पोटभर जेवू घातलं. उपाशी माणसाला वाईट बातमी देऊ नये.

मग त्याने कागद काढले. उद्या सॉलिसिटरची वेळ घेतलीय म्हणाला. वर हसून विचारलं, "आक्का, ओवाळणी काय देऊ, सांग."

"दिलीस की. मघाशी तिच्यावरच बसला होतास."

मग मी सांगितलं. माझी जमीन महिन्यापूर्वीच देऊन झाली. तिथे पेरू उपटून तिथलीच झाडं पुन्हा लावणारी काही माणसं आहेत, त्यांना. ईमेल नातीने लिहिले, सह्या मी केल्या. कुंपणही घालून झालं.

"आणि रस्ता?"

"रस्ता नाही."

"सख्ख्या भावाचं वाटोळं केलंस."

"हो," मी म्हणाले. "अजून भात वाढू?"

ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच तो परत गेला. नात म्हणाली, "आजी, दॅट वॉज सो मीन." होतंच. मला त्याचं वाईट वाटत नाही, झोपही लागते. बंगले बांधणाऱ्या बिल्डरने महिन्याभरात अंग काढून घेतलं.

त्या माणसांनी लावलेली रोपं अजून वीतभर आहेत. ती झाडं झालेली मी बघणार नाही, भाऊही नाही. त्याच्या नातवंडांना मात्र आपल्या जमिनीवर जायचं झालं, तर गाडी खाली उभी करून त्या झाडांमधून वर चढावं लागेल. ऊन असो, चिखल असो. पायी.