माहिती देणारी बाई

साडी केतकीच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईची होती. हिरवी, जाड, काठ विटलेला. केतकीनं ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून भद्रावतीहून आणली होती. सरांनीच तिला आणायला सांगितली होती. सर म्हणजे आमच्या प्रकल्पाचे गाइड. चंद्रपूरच्या ज्या फार्मसी कॉलेजात केतकी आणि मी शेवटच्या वर्षाला होतो, तिथले विभागप्रमुख. त्यांनी ती पिशवी टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"ही नेस. गुडघ्यापर्यंतच. तुमच्याकडे बायका नेसतात तशी."

मी अॅप्रन घालून उभी होते. पांढरा. आदल्या दिवशी धुतलेला, वसतिगृहातल्या लोखंडी पेटीखाली दाबून ठेवलेला, इस्त्री केल्यासारखा दिसावा म्हणून. त्या दिवशी कॉलेजात सेमिनार होता. नागपूरचे, हैदराबादचे पाहुणे आले होते. मला वाटलं होतं, मी बोलणार. निदान अर्धं तरी.

मी विचारलं, सर, मग माझा भाग? ते म्हणाले, सगळं केतकी बोलेल, तिचं इंग्रजी चांगलं आहे. मी फक्त ताटलीत झाडाची साल घेऊन शेजारी उभं राहायचं. त्यानं वातावरण तयार होतं.

वातावरण.

मी आरमोरीच्या पुढच्या एका खेड्यातली. गोंडाची पोरगी. बाबांची धानाची थोडी जमीन, बाकीचे दिवस जंगल खात्याच्या कामावर. मी आश्रमशाळेत शिकले, तिथून गडचिरोलीला, तिथून कोट्यातल्या सीटवर इथं. कोट्यातली सीट हे मला पहिल्याच आठवड्यात चार जणांनी सांगितलं, जणू मला ते ठाऊकच नव्हतं. घरी मी 'मले' म्हणायची. इथं 'मला' म्हणायला शिकले. त्यात माझी बरीच ताकद गेली.

केतकीचे वडील भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अधिकारी. कॉलनीत क्वार्टर, पुढे बाग. तिला कॉलेजात सोडायला जीप यायची. जीप नसली की ती एसटीनं यायची आणि त्या दिवशी दिवसभर सांगत राहायची की आज मी एसटीनं आले. प्रकल्पाला सरांनी आमची जोडी लावली. मला आनंद झाला होता. तिच्यासोबत राहिले तर तिचं काहीतरी माझ्याकडे येईल असं वाटलं.

प्रकल्पाचा विषय मी शोधला होता. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. कॉलेजच्या लायब्ररीत खालच्या फळीवर वनौषधींची जुनी, जाड पुस्तकं होती. कोणी हात लावत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत घरी जायला पैसे नव्हते म्हणून मी तिथं बसून राह्यले, आणि त्यातल्या एका पुस्तकात रोहन झाडाच्या सालीबद्दल वाचलं. सुजेवर वापरतात असं लिहिलं होतं. खरंच सूज उतरते का हे पाहण्यासारखं होतं. मी सरांना सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, वा, म्हणजे हे तुमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं दिसतं.

मी म्हटलं, नाही सर, पुस्तकात वाचलं. ते हसले. असू दे, असू दे, म्हणाले.

माझी माय गुडघा सुजला की आरोग्य केंद्रात जाते. रांगेत उभी राहते. पिवळ्या कागदात गुंडाळलेली गोळी आणते आणि चहासोबत खाते. रोहनाचं झाड आमच्या शेताच्या बांधावर आहे. त्याला आम्ही बैल बांधतो.

मग प्रयोग सुरू झाले. पांढऱ्या उंदराच्या मागच्या पायात सूज आणणारा द्रव टोचायचा. काही उंदरांना सालीचा अर्क द्यायचा, काहींना बाजारातलं औषध, काहींना नुसतं पाणी. मग पाऱ्यानं भरलेल्या काचेच्या नळीत तो सुजलेला पाय बुडवायचा. पाय जितका सुजलेला तितका पारा वर चढतो. आकडा घ्यायचा. पुन्हा थोड्या वेळानं, पुन्हा तोच पाय.

केतकीला उंदरांची भीती वाटायची. ती दाराशी स्टूल घेऊन बसायची, नाकाला रुमाल लावून. उंदीर मी धरायची. चावले की रक्त पुसून परत धरायची. आकडा ओरडून सांगायची आणि ती लिहायची, सुंदर, तिरप्या अक्षरात. आकडे माझ्या तोंडातून निघायचे, अक्षर तिचं असायचं. अक्षर ज्याचं, प्रयोगही त्याचाच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

एप्रिलमध्ये चंद्रपूर तापलं. उंदरांच्या खोलीत कूलर होता, कारण उंदीर मेले तर प्रयोग वाया जातो. आमच्या वसतिगृहात नव्हता. मी अभ्यास उंदरांजवळ बसून करायची. मला त्या उंदरांचासुद्धा हेवा वाटायचा. हसण्यावारी नेऊ नका. खरंच वाटायचा.

आणि केतकीचा तर कितीतरी. तिच्या बोटांचा, ज्यांवर चावल्याची एकही खूण नव्हती. सरांच्या केबिनमध्ये ती खुर्चीवर बसायची, मी पिंजऱ्याचा वास येतो म्हणून दारात उभी राहायची. ती सरांना 'आय थिंक' म्हणून काहीही सांगायची. मला थिंक करायला कोणी विचारत नव्हतं. तिचा डबा, तिचं पेन, तिची आई फोनवर सरांच्या बायकोशी बोलायची ते. पण सगळ्यात जास्त हेवा कशाचा वाटायचा ते सांगते. ती सरांना सहज म्हणायची, "नाही सर, असं नको ना." आणि सर ऐकायचे. तो 'नाही'. इतका हलका, इतका फुकटचा. मी आरशासमोर तो म्हणून पाहिला आहे. माझ्या तोंडात तो दगडासारखा व्हायचा.

तर ती साडी. मी नेसले.

हो, नेसले. प्रयोगशाळेमागच्या खोलीत, अॅप्रन खुंटीला टांगून. केतकी निऱ्या धरायला आली. म्हणाली, "किती छान दिसतेस गं, अगदी ओरिजिनल." तिला खरंच तसं वाटत होतं. ती वाईट मुलगी नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

हॉल भरला होता. पडद्यावर प्रोजेक्टरचा उजेड. केतकीच्या हातात लाकडी छडी, आलेखावर फिरवायला. माझ्या हातात स्टीलची ताटली, त्यात रोहनाची साल, तीही आदल्या दिवशी चंद्रपूरच्या बाजारातून आणलेली. केतकी इंग्रजीत बोलत होती. मला सगळं कळत होतं. पाऱ्याच्या नळीचं वाक्य मीच तिला लिहून दिलं होतं. मग तिनं माझ्याकडे हात केला आणि म्हणाली, ही आमची इन्फॉर्मंट. गडचिरोलीच्या जंगलातली आदिवासी स्त्री. या औषधाची माहिती आम्हाला हिच्याकडून मिळाली.

टाळ्या झाल्या. मी दोन पावलं पुढे यावं अशी सरांनी खूण केली. मी आले.

हैदराबादचे एक वयस्कर पाहुणे पहिल्या रांगेत होते. चांगला माणूस असावा. त्यांनी इंग्रजीत विचारलं की हिच्या घरी ही साल कशी वापरतात. सर माझ्याकडे वळले आणि मराठीत, एकेक शब्द तोडून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

"तुझी आई. ही साल. कशी लावते. सांग."

माझ्या वर्गातली सगळी मुलं मागे बसली होती. प्रयोगशाळेत चार वर्षं माझ्या शेजारी उभी असणारी. एकही चेहरा हलला नाही. त्यांना ते ठीक वाटत होतं. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

मी कॉलेजातल्या मराठीत बोलायला तोंड उघडलं. आली ती घरची भाषा.

"मले इन्फॉर्मंट नका म्हणू. मी हिच्याच वर्गातली आहो. साल मी लायब्ररीत वाचली. माही माय साल लावत नाई, दवाखान्यातली गोळी खाते. उंदरांचे सगळे प्रयोग मी केले."

त्या पाहुण्यांना मराठी येत नव्हतं; नागपूरच्यांना येत होतं, ते पडद्याकडे बघत राहिले. हैदराबादच्या पाहुण्यांनी सरांना विचारलं, काय म्हणते? सर हसले. शांतपणे इंग्रजीत म्हणाले, ती म्हणते, तिची आई ही साल वाटून सुजेवर लावते.

माझे शब्द माझ्यासमोर उचलून त्यांच्या जागी दुसरे ठेवले. माझ्या कानांनी ऐकलं. चार वर्षं ज्या इंग्रजीला घाबरून मागे राहिले, ती त्या क्षणी माझ्याकडे आली. मोडकी होती. आली.

"नो सर. आय डिड नॉट से दॅट."

मी केतकीकडे वळले. तिला मराठीत विचारलं, "केतकी, तू सांग. उंदीर कोणी धरले?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. छडीकडे बघत होती. मग सरांकडे बघून म्हणाली, "सर, मी पुढे जाऊ का?"

आणि पुढचा आलेख पडद्यावर आला.

मी ताटली टेबलावर ठेवली. स्टेजवरून उतरले. दाराकडे जायचं होतं, पण पाय पहिल्या रांगेकडे गेले. पाहुण्यांसाठी ठेवलेली एक खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर बसले. गुडघ्यापर्यंतच्या साडीत, पाय उघडे, सगळं भाषण संपेपर्यंत. कोणी ऊठ म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी उठले नसते.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. सरांनी बोलावून सांगितलं की लेखी माफी माग, सगळ्या पाहुण्यांपुढे तू संस्थेची अब्रू घालवलीस. बाबा गावाहून आले. ते सरांच्या केबिनबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी त्यांना बसा म्हटलं, ते बसले नाहीत. बाहेर पडल्यावर म्हणाले, "नोकरी लागेपर्यंत वाकून राह्य पोरी. मंग ताठ हो." त्यांचं चुकत नव्हतं. ते तसेच जगले होते. पण त्यांना ताठ व्हायची वेळ कधी आलीच नाही, हेही मी पाहिलं होतं.

मायनं घरी एवढंच विचारलं, "कायले मांगाची माफी? चोरी केली काय तुनं?"

मी माफी मागितली नाही. तोंडी परीक्षेत मला नापास केलं. प्रकल्पात माझा सहभाग अपुरा होता असं कारण दिलं. केतकी पहिली आली.

निकालानंतर ती वसतिगृहावर आली. पेढे घेऊन. दारात उभी राहून रडली. म्हणाली, मी काय करणार होते, सरांपुढे कशी बोलणार होते. मग तिचं रडणं थांबलं आणि ती जरा रागानं म्हणाली, "खरं सांगू? तू माझ्यावर जळतेस. पहिल्या दिवसापासून."

मी म्हटलं, "हो. जळते."

तिला वाटलं होतं मी नाही म्हणेन. बिचारी गोंधळली. पेढ्यांचा पुडा हातात तसाच घेऊन परत गेली. मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. जळणं वाईट, असं आश्रमशाळेत भिंतीवर लिहिलेलं असायचं. पण मला लाज वाटली नाही. उलट डोकं साफ झालं. ज्याचं काही गेलेलंच नाही, त्याला समाधानी राहायला काय लागतं? माझं गेलं होतं. कोणाकडे गेलं तेही माहीत होतं. ते माहीत असणं म्हणजेच माझं जळणं.

पुढच्या वर्षी मी परत बसले. पास झाले. आता एटापल्ली तालुक्यात सरकारी दवाखान्यात औषधं देते. सूरजागडच्या डोंगराकडून माणसं पायी येतात, मी खिडकीतून गोळ्या देते, कधी, कशी घ्यायची ते सांगते. चांगलं काम आहे. कोणी मला दारात उभं करत नाही.

केतकी परदेशात आहे. मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत, सुजेवरच्याच औषधांवर काम करते. गडचिरोलीला गेले की मी सायबर कॅफेत बसून तिचं नाव शोधते. तिचे लेख वाचते. सगळं कळत नाही, बरंचसं कळतं. एका ठिकाणी तिची मांडणी कच्ची वाटली तेव्हा मला दिवसभर बरं वाटलं. तिचा फोटोही पाहिला. पांढरा कोट, मागे काचेची भिंत, ओठांवर तेच हलकं हसू. मी जळते. अजूनही.

आमचे दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस. मी पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते हे त्यांना कळलं, तेव्हा समजावत म्हणाले, बाई, पक्की नोकरी आहे, लोकांना तुमची गरज आहे. जुनं विसरा. दुसऱ्याचं पाहून मनाला त्रास करून घेऊ नका. तुमची जागा इथं आहे.

मी त्यांना म्हटलं, माझी जागा कुठी आहे ते आजवर सगळ्यांनी मला सांगितलं.

त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

लोक म्हणतात, मनातला हेवा टाकून दे, हलकी होशील. मला हलकं व्हायचं नाही. मला केतकीचं वाईट व्हायला नको. तिची माफीही नको. आणि तिच्यासारखी दुसरी एखादी जागा मिळाली तरी चालेल, असं मी पूर्वी मोठ्या मनानं म्हणायची, ते खोटं होतं. मला तीच जागा पाहिजे. तीच प्रयोगशाळा, तोच विषय, प्रयोग माझा आणि वर नाव माझं. परीक्षेत यंदा पास नाही झाले तर पुढच्या वर्षी देईन. ती जागा मी घेणार आहे.