अंबडचं तिकीट

घोटीहून नाशिकला येणाऱ्या सकाळच्या एसटीत ती आयटीआयची मुलगी नेहमी खिडकीशी बसायची. वर्कशॉपमध्ये कानशीनं घासलेला लोखंडाचा तुकडा काढायची, काटकोन बघायला त्याला गुण्या लावून उजेडात धरायची. फटीतून उजेड दिसला की तोंड वाकडं करायची.

एकदा मी विचारलं, “पोरी शिवणकाम घेतात. तू फिटर कशी?”

“घरचे पण तेच म्हणतात. मला अंबडला कंपनीत लागायचंय,” ती गुण्यावरची नजर न काढता म्हणाली.

परवा ती कंपनीच्या निळ्या गणवेशात चढली. कंडक्टरनं सवयीनं पास मागितला.

“पास नाय आता, काका. अंबडचं तिकीट द्या.”

ते तिकीट तिनं खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. तोंड वाकडं केलं नाही.