कौसाआत्याची टिटवी

दत्ताचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. दत्ता माझा धाकटा भाऊ, तलवाड्याजवळ आमच्या गावी शेती करतो. शाळेच्या वेळात तो कधी फोन करत नाही. "ताई, कौसाआत्या गेली," एवढंच म्हणाला. सकाळी शेतातल्या खोलीपुढं शेळ्यांना पाला टाकताना तिच्या छातीत कळ आली आणि गाडीत घालून गेवराईला नेईपर्यंत सगळं संपलं. मग तो म्हणाला, "गाडीत बी आवाज चालूच व्हता तिचा... पार शेवटपर्यंत." मी वर्गाकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिले. मुलांना वाटलं, बाई रडतायत. रडू नंतर आलं. त्या वेळी मला फक्त लाज वाटत होती, आणि आज सहा आठवडे उलटले तरी ती तसूभर कमी झालेली नाही.

कौसाआत्या, म्हणजे कौसल्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सात-आठ वर्षांची असताना तिच्या घशातून आवाज निघायला लागले. आधी शेळीच्या करडासारखं बारीक 'बें'. बोलताना, जेवताना, देवळात, मधेच कधीही. ती दिवसभर शेळ्यांमागं असायची, तेव्हा त्यांचं ऐकून लागलं असेल असं लोक म्हणाले. मोठी झाल्यावर मी तिला एकदा विचारलं होतं, तुझ्या आवाजानं शेळ्या जवळ येतात का गं? ती हसून म्हणाली, त्यांना कळतं हे खोटं हाय म्हणून, मान बी वर करत न्हाईत. पण माणसांना ते कळलं नाही. मुद्दाम करते म्हणून तिला मार बसला, उतारे टाकून झाले, गळ्याला बिब्याचे चटके दिले. त्याचे डाग तिच्या हनुवटीखाली शेवटपर्यंत होते. करडू गेलं, पण त्याच्या जागी टिटवी आली.

टिटवी घरावरून ओरडत गेली तरी आमच्याकडे लोक दचकतात, कुणीतरी जाणार म्हणतात. इथं तर ती घरातच, माणसाच्या तोंडातून ओरडत होती. आत्याला लग्नाला, बारशाला, कुणी आजारी असलं तर भेटायला बोलावणं बंद झालं. तिला दोन ठिकाणांहून बघायला आले आणि पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठले. त्यानंतर कुणी आलं नाही. आजोबांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, याचं कारण मनाशी पक्कं करून टाकलं होतं. आत्या लहान असताना एका उन्हाळ्यात नांगरट चालली होती आणि त्यांच्या नांगराच्या फाळाखाली टिटवीची अंडी आली. पक्षीण दिवसभर बैलांच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली, आणि पोरगी बांधावर बसून ते ऐकत होती. पापाचं फळ आपल्याला न मिळता लेकीला मिळालं, असं आबांनी धरून ठेवलं. शेताचा तो कोपरा त्यांनी पुन्हा कधी नांगरला नाही. चांगली काळी जमीन गवतात पडून राहिली. तिथं नांगर घालायचं कुणी नाव काढलं की आबा उठून निघून जात.

आई-बाबा दरवर्षी ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतर टोळी निघाली की उन्हाळा लागेपर्यंत मी आणि दत्ता आत्याच्या हवाली असायचो. तिनंच आम्हाला वाढवलं असं म्हटलं तरी चालेल. ती माझी वेणी घालायची आणि मधेच टिटवी आली की तिच्या हाताला झटका बसायचा, भांग वाकडा व्हायचा. ती पुन्हा काढायची, पुन्हा वाकडा. मी तसल्याच वाकड्या भांगानं शाळेत जायचे. लहान असताना मला त्याचं काही वाटत नव्हतं... वाटायला लागलं ते शिकल्यावर.

माझं लग्न कडा गावच्या एका घरात ठरलं. आत्याचं काय करायचं हा प्रश्न घरात सगळ्यांच्या मनात होता, पण बोलत कुणी नव्हतं. शेवटी मीच शेतातल्या तिच्या खोलीवर गेले. अक्षता पडताना तिचा आवाज निघाला तर सासरची माणसं काय म्हणतील, हे मी फार गोड शब्दांत सांगायला सुरुवात केली. तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली, मी येणारच नव्हते, शेळी विणार हाय त्याच दिवशी, हितं कुणीतरी पायजे. मला हायसं वाटलं. त्या महिन्यात एकही शेळी गाभण नव्हती, हे दत्तानं मला पुढं कधीतरी सांगितलं.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात एका डॉक्टरांनी पडद्यावर एक मुलगा दाखवला. तो बोलता बोलता भुंकत होता, मान झटकत होता. डॉक्टर म्हणाले, याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. हा मेंदूचा विकार आहे, मुलं हे मुद्दाम करत नाहीत, दडपलं की वाढतं, आणि घराण्यात पुढंही येऊ शकतं. मला तेव्हा पाचवा महिना होता. मी ते नाव वहीत लिहिलं आणि वही मिटली. खरं तर त्याच संध्याकाळी एसटी धरून गावी जायला हवं होतं. पण शेवटचं वाक्य डोक्यात बसलं होतं. आत्याला सांगितलं तर दत्ताला कळणार, दत्ताकडून सासरी कळणार, मग माझ्या पोटातल्या बाळाकडे सगळे कोणत्या नजरेनं बघणार... मी गप्प बसले. एक-दोन वर्षं नाही, तब्बल दहा वर्षं.

त्या दहा वर्षांत आबा गेले. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले होते. दुपारची वेळ होती, आत्या बाहेर भांडी घासत होती आणि तिचा आवाज खोलीत येत होता. आबांनी माझा हात धरला. "तू शिकलेली हायेस," ते म्हणाले, "खरं सांग. त्या अंड्यांमुळंच झालं न्हवं हे?"

मला उत्तर माहीत होतं. अख्ख्या गावात ते फक्त मला माहीत होतं. मी म्हणाले, "आता कशाला तो विषय, आबा? तुम्ही पडा." त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या दिवशी ते गेले.

पुढं दोन वर्षांनी माझ्या मुलीनं, ईश्वरीनं, डोळे मिचकावायला सुरुवात केली. मग नाक ओढणं, मग कुत्र्याच्या पिलासारखं केकाटणं. मला सगळं कळत होतं, तरी मी तिच्यावर ओरडायचे, मुद्दाम करू नकोस म्हणायचे. एकदा पाहुण्यांसमोर मी तिच्या तोंडात मारली. त्याच सुमारास आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बीडला आमच्याकडे आली होती. तिनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर दोघी सावलीला बसल्या होत्या. एकीची टिटवी आणि एकीचं कुत्र्याचं पिल्लू, दोन्ही मोकळी सुटली होती. ईश्वरी पोट धरून हसत होती आणि फोननं आत्याचे फोटो काढत होती. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

ती खाली गेल्यावर आत्या म्हणाली, "शिंक आली की दाबून बघ एकदा. तसंच असतंय हे. दिवसभर पोर दाबून धरती, अन् तू वरून मारतीस. काहून मारतीस?"

मग मी सांगितलं. याला नाव आहे, हा आजार आहे, तुझा दोष नाही, आबांचाही नाही. आत्यानं ते नाव दोनदा वदवून घेतलं. तिच्या तोंडी ते 'तुरट' झालं. मग विचारलं, "म्हंजे माझ्यासारखी दुसरी बी मान्सं हायेत?" मी म्हणाले, पुष्कळ आहेत, जगभर आहेत. ती म्हणाली, "मला वाटायचं मी एकलीच..."

मग तिनं विचारलं, "तुला कवा कळलं हे?"

खोटं बोलता आलं असतं. पण कसं कोण जाणे, नाही बोलले. "ईश्वरी पोटात होती तेव्हा."

आत्या चिडेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिनं फक्त पदरानं डोळ्याखालचं पाणी टिपलं. ऑपरेशन झालेला डोळा होता, पाणी कशाचं ते मला कळलं नाही. "मला न्हाई सांगितलंस तर न्हाई," ती म्हणाली. "आबाला सांगायला पायजे व्हतं गं."



गावी परतल्यावर तिनं भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली, मला तुरट हाय, डाक्टरी नाव हाय त्येला. बाजारात सांगितलं, देवळात सांगितलं. काही लोक हसले, काहींनी ऐकून घेतलं. त्या दिवाळीत चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला एका बारशाचं आमंत्रण आलं आणि ती गेली. पुढं जेमतेम वर्षभर जगली. मी दहा वर्षं दाबून ठेवलेलं तिनं त्या एका वर्षात गावभर केलं. ईश्वरीला मग मी डॉक्टरांकडे नेलं, शाळेतही सांगितलं. तेही आत्यानं रोज फोन करून विचारलं म्हणून.

दहाव्याला हार घालायला आत्याचा फोटो हवा होता, आणि घरात एकही नव्हता. कुणाच्याच लग्नाच्या अल्बममध्ये ती नव्हती, माझ्याही नाही. आधार कार्डावरचा इतका काळपट होता की चेहरा ओळखू येईना. शेवटी ईश्वरीच्या फोनमधले निघाले. त्यातल्या ज्या एकात आत्याचं तोंड मिटलेलं होतं, तो मी निवडला. ईश्वरी म्हणाली, तो नको, त्यात ती दाबून बसलीय. तिनं निवडलेल्या फोटोत आत्याची मान थोडी मागं गेलीय, डोळे मिटलेत आणि तोंड सताड उघडं आहे. तोच मोठा करून आणला. आता तो आमच्या बैठकीत आहे.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. फोटो बघून म्हणाल्या, किती मोकळं हसतायत हो. मी म्हणाले, हो ना, आत्या फार हसऱ्या होत्या. ईश्वरी कोपऱ्यात अभ्यास करत होती. तिनं वहीतून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

काकू, तुम्ही हे वाचाल कदाचित. त्या फोटोत माझी आत्या हसत नाहीये. ती टिटवीसारखी ओरडतेय.