जिभेची राखण

शुक्रवारची संध्याकाळ उतरू लागली, की आमच्या दारव्ह्याच्या गल्लीत दोन गंध एकमेकांत मिसळतात. एक चुलीत धुमसणाऱ्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, धुराचा, उग्र आणि थोडा कडवट. दुसरा शेजारच्या मालकाबाईंच्या स्वयंपाकघरातून येणारा नारळाच्या दुधाचा, मंद आणि स्निग्ध. ज्वारीच्या आणि तुरीच्या या मुलखात तो दुसरा गंध परकाच. त्या गंधामागोमाग त्यांच्या खिडकीत तेलाचा दिवा लागतो. दिवा लावून झाला, की त्या दोन्ही तळहातांनी डोळे झाकतात आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात. दिवसभरात पाहिलेलं सगळं पुसून टाकायला माणसाला एवढा एक क्षण पुरत असेल का?

मालकाबाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू; शुक्रवारचा तो दिवा त्यांच्या शब्बाथचा, विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा. घर अलिबागकडचं, भाषा आपली मराठीच. कुष्ठरोगाच्या कामावर परिचारिका म्हणून तरुणपणी त्या या जिल्ह्यात आल्या. भावंडं एकेक करून इस्राएलला गेली, यजमान वारले, नोकरी संपली. पण त्या इथेच राहिल्या. आजही जवळच्या बोरी अरब गावच्या बाजारात एखादा म्हातारा त्यांना पाहून हात जोडतो, आणि त्या ओळख न दाखवता पुढे जातात. मला ते आधी शिष्टपणाचं वाटे. पुष्कळ दिवसांनी उलगडलं, की त्यांनी ओळख दाखवली तर शेजारी उभा असलेला माणूस विचारणारच, 'सिस्टर तुम्हाला कशा काय ओळखतात?' आणि त्या म्हाताऱ्याने जन्मभर जपलेलं एक गुपित भर बाजारात उघडं पडणार.

मी महाविद्यालयात मराठी शिकवलं; शब्दांवरच पोट भरलं. पण शब्दांविषयी मालकाबाईंच्या अंगणात बसून जे ऐकलं, ते मला नवं होतं. त्यांच्या धर्मात म्हणे रोजच्या प्रार्थनेच्या शेवटी देवाकडे एक साधंसं मागणं असतं: माझी जीभ वाईटापासून राख. जिभेसमोर देवाने दोन भिंती उभ्या केल्या, एक हाडाची आणि एक मांसाची, दात आणि ओठ. तरी ती निसटतेच, असं त्यांचे जुने गुरू सांगत. एखाद्याबद्दल वाईट बोललं, की तिघांना इजा होते: बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि ज्याच्याविषयी बोललं त्याला. चारचौघांत एखाद्याला लाजवून त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उडवणं हे रक्त सांडण्यासारखंच. आणि या सगळ्यात मला सर्वांत अवघड वाटलेली गोष्ट ही, की बोललेलं खरं असलं, तरी सुटका नाही!

"खोटं बोललात तर ते पाप वेगळंच," त्या हसून म्हणाल्या होत्या. "हा नियम खऱ्यासाठीच आहे, ताई."

सत्य बोलावं, एवढंच आपण लहानपणापासून घोकलेलं. सत्यालाही अधिकार लागतो, ते कोणाच्या मालकीचं हे पाहावं लागतं, हे आपल्याला कोण शिकवतं?

याच संदर्भात त्यांच्या धर्मग्रंथात एक कथा आहे. गुलामगिरीतून लोकांना बाहेर काढणाऱ्या महान संदेष्ट्याची बहीण भावाच्या पाठीमागे त्याच्या बायकोविषयी बोलली, आणि तिची त्वचा हिमासारखी पांढरी झाली. तिला छावणीबाहेर राहावं लागलं. कथा सांगताना मालकाबाईंचा स्वर किंचित कठोर होई. "मी जन्मभर छावणीबाहेर काढलेल्या माणसांत राहिले. त्यांनी कोणाची निंदा केली नव्हती. निंदा करणाऱ्यांची कातडी चांगली तुकतुकीत होती. तेव्हा या कथेचा पहिला भाग मला पटत नाही. दुसरा पटतो." दुसरा भाग असा, की ती परत येईपर्यंत सगळा समाज जागच्या जागी थांबून राहिला. तिला मागे टाकून कोणी पुढे गेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात या श्रद्धेची परीक्षा झाली. ती माझ्या डोळ्यांसमोर झाली, म्हणून लिहिते आहे.

दारव्हा तालुक्यातल्याच एका खेड्यात शोभा नावाची एक बाई शाळेत पोषण आहार शिजवते. एके दिवशी भाजीला फोडणी देताना तिच्या हातावर तेल उडालं. जखम भरली आणि कोपराखाली एक फिकट चट्टा राहिला. गावातल्या कोणीतरी तो पाहिला, आणि शोभाच्या माहेरचं, राळेगावकडचं, कधीतरी कानावर आलेलं काहीबाही आठवलं. दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअॅप गटात मजकूर फिरू लागला, की शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईला महारोग आहे. शाळेने तिला 'काही दिवस' घरी बसायला सांगितलं. आयांनी मुलांसोबत डबे द्यायला सुरुवात केली.

मग एका सकाळी शाळा समितीचे अध्यक्ष आणि आणखी एक पालक जीपने दारव्ह्याला आले. मी मालकाबाईंच्या ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते.

"सिस्टरबाई, तुमी राळेगावकडं लय वर्सं होत्या," अध्यक्ष म्हणाले. "एकच सांगजा. शोभाले होता का नाई थो रोग?"

"मी कोणाचंच सांगत नाही," मालकाबाई म्हणाल्या. "झाला होता हेही नाही आणि नव्हता हेही नाही."

"आमच्या लेकरायचा सवाल हाये, बाई!"

"लेकरांना धोका असता, तर तुम्ही यायच्या आधी मी तुमच्या दारात उभी राहिले असते. धोका नाही. एवढं मी खात्रीने सांगते."

"मंग नाव घ्याले काहून भेता?"

"उद्या कोणी तुमच्या आईबद्दल विचारायला आलं, तर त्यालाही मी हेच उत्तर देईन."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांना एका शब्दाचं उत्तर हवं होतं, आणि ते न मिळाल्यामुळे त्यांनी ते मनातच ठरवून टाकलं. जाताना दुसरा माणूस फाटकापाशी म्हणाला, "नसता झाला तं नाई म्हनाले काय जात होतं?" मालकाबाईंनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. मौन म्हणजे निर्दोष जागा असते, असं आपण किती सहज समजतो! इथे त्यांचं मौनच साक्ष देऊन बसलं होतं. 'नाही' म्हणावं, तर ते खोटं. 'होय' म्हणावं, तर ते त्यांचं नव्हे.

कारण खरं ते होतंच. लग्नाआधी, माहेरी असताना, शोभाला तो आजार झाला होता. मालकाबाईंनीच तिला गोळ्यांची पाकिटं दिली, त्यांच्या समोर ती पूर्ण बरी झाली. सासरी हे कोणाला ठाऊक नव्हतं, नवऱ्यालाही नाही. हे सारं मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे शोभाच्याच तोंडून कळलं.

त्या दिवशी मालकाबाई फक्त म्हणाल्या, "ताई, माझ्यासोबत चला. मला एकीची परवानगी घ्यायची आहे."

आम्ही काळीपिवळीत, भाड्याच्या जीपमध्ये, दाटीवाटीने बसून त्या गावी गेलो. शोभा घराच्या मागे तुरीच्या शेंगा सोलत होती. मालकाबाई तिला घेऊन घरात गेल्या, मी बाहेर थांबले. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. शेवटची वाक्यं मात्र, दोघी दाराशी आल्यावर, कानी पडली.

"तू सांगशील तेवढंच मी बोलेन. नको म्हणालीस, तर एक शब्द बोलणार नाही," मालकाबाई म्हणाल्या.

शोभाने पदराचं टोक कमरेला खोचलं. मग म्हणाली, "तुमी नका सांगू, बाई. माझं मीच सांगीन. तुमी फक्त बाजूले बसजा."

दुसऱ्या दिवशी शोभाच्या निरोपावरून शाळेच्या व्हरांड्यात पालक जमले. शोभाचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. बायकोने बोलावलं म्हणून आला होता, कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं. शोभा उभी राहिली. तिचा आवाज सुरुवातीला इतका बारीक होता, की मागच्या बायकांनी पोरांना गप्प केलं.

"मले झालता थो रोग. लगनाच्या आधी. गोळ्या खाल्ल्या, बरा झाला. हा जो चट्टा हाये, थो तेलाचा हाये, याच चुलीवरचा. तुमच्याच लेकरायची भाजी करताना झाला. आता तुमाले जे वाटते थे करा."

मग मालकाबाई उठल्या. तिने जे सांगितलं होतं त्यात त्यांनी रतीभरही भर घातली नाही. एवढंच म्हणाल्या, की औषध पुरं केलेल्या माणसापासून हा आजार कोणालाच होत नाही, त्याच्या हातचं खाऊन तर नाहीच. आणि मग, जणू काही घडलंच नाही अशा स्वरात, "आज काय शिजवणार आहेस? आम्ही जेवूनच जाऊ."

शोभाने खिचडी टाकली. आम्ही दोघी मुलांच्या पंगतीत बसलो. अध्यक्ष जरा वेळ उभे राहिले, मग त्यांनीही ताटली पुढे केली. काही मुलं जेवली. काहींच्या आयांनी हाताला धरून त्यांना घरी नेलं. एखादं सत्य उच्चारलं गेल्याबरोबर अंधार नाहीसा होतो, असं मला लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं! तसं झालं नाही. एक-दोन घरांतले डबे अजून येतात. सासू पुष्कळ दिवस तिच्याशी धड बोलली नाही. नवरा त्या संध्याकाळी एवढंच म्हणाला, "मले आधी सांगतलं असतं तं मी काय तुले टाकून देल्लं असतं?" शोभाच्या मते या प्रश्नाचं उत्तर त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. पण तो त्या रात्री तिने वाढलेलं जेवला. शोभा पुन्हा शाळेत शिजवू लागली.

मी या घटनेचा विचार करते, तेव्हा मला मालकाबाईंच्या बोलण्यापेक्षा त्यांनी मोकळी सोडलेली जागा दिसते. त्या बोलल्या असत्या, तर त्यांच्या दयाळू शब्दांतही शोभा एक 'केस' होऊन राहिली असती. त्यांनी शब्द राखला, म्हणून तो ज्याचा त्याला मिळाला. वाणीचा संयम म्हणजे केवळ न बोलणं नव्हे. दुसऱ्याच्या बोलण्यासाठी जागा धरून ठेवणं, हेही त्यातच येत असावं. आपल्या हातातल्या फोनवर बोट सरकवून क्षणात गावभर पोचणाऱ्या शब्दांच्या या काळात अशी जागा कोण धरून ठेवतं?

हे लिहायला घेण्याआधी मी शोभाला विचारायचं ठरवलं. बोरी अरबच्या बाजारात ती वांगी निवडताना भेटली.

"लिहा ना जी," ती म्हणाली. "माझं सांगून झालं आता. भेव कायचं?" मग पिशवीचं तोंड बांधता बांधता थांबली. "पन जिनं मोबाइलवर टाकलतं, थ्या बाईचं नका लिहू. तिच्या पोरीले पाहाले पावने येऊन राह्यले. नाव निंगलं, तं सोयरीक मोडन."

ती बाई कोण, हे शोभाला ठाऊक होतं. गावात बहुधा सर्वांनाच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला. प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला होता. शोभाने वांग्यांची पिशवी खांद्याला लावली आणि जीपकडे निघाली, आणि मी तिला नीट जा म्हणाले.