चौथ्या खंडातलं जोडपान

बांधणीकाकांनी आयुष्यात एकही कादंबरी सलग वाचलेली नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस मोठा वाचक असणार. वाचक आम्ही होतो. निदान आम्ही एकमेकांना तसं सांगायचो.

काका आमच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून देत. मागच्या गल्लीत त्यांची एक खोली आहे. खिडकीशी लांब टेबल, त्यावर सुया, टोचा, मेण लावलेला दोरा, खळीचं भांडं आणि घड्या दाबायची, पानं कापायची हाडाची एक पिवळी पडलेली पट्टी. मी वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते, त्यामुळे दर आठवड्याला पिशवीभर पुस्तकं त्यांच्याकडे पोचवणं हे माझंच काम.

त्यांची वाचायची रीत मला पहिल्यांदा चक्रमपणाच वाटली होती. पुस्तकातलं जे पान सुटून हातात येईल तेवढंच ते वाचत. तेही एकदाच. मग खळ लावून जागच्या जागी बसवून टाकत. बांधलेली पानं उलटून बघायची नाहीत, हा त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम.

"बांधलेलं वाचणाऱ्याचं, ताई," ते म्हणायचे. "माझ्या वाट्याचं सुटलेलं."

"अहो काका, पण मग गोष्ट कळते कशी?"

"कळते की. थोडी थोडी."

आता आमच्या 'चौदा'बद्दल. चौदा खंडांची ती अद्भुत कादंबरी. तिला लांबलचक नाव आहे, पण आम्ही सगळे तिला नुसतं 'चौदा' म्हणतो. लेखक वारला, छापणारे बंद पडले, आणि अख्ख्या गावात तिचा एकच संच उरला, तो आमच्या वाचनालयात. पहिले पाच खंड राजपुत्राचे. सहा ते नऊ नावाडणीचे. दहा ते चौदा जादूगारणीचे. दर शनिवारी दुपारी आम्ही अकरा जण वाचनकक्षातल्या लांब टेबलाभोवती जमायचो आणि तिघांत खरा नायक कोण यावर तावातावाने भांडायचो.

मी राजपुत्राची. उगाच नाही, अभ्यास करून. त्याच्यासाठी मी दोन मैत्रिणींशी अबोला धरला होता. आई वैतागून म्हणायची, "तुझ्या राजपुत्रालाच सांग गॅसचा सिलिंडर आणून द्यायला." समोरच्या बाजूचा पुढारी म्हणजे आमचा गॅरेजवाला. तो जादूगारणीचा. डोंगर हलवणारी बाई आणि नदीत पोहणारं पोरगं यांची तुलनाच कशी करता, असं म्हणून तो टेबलावर हात आपटायचा. त्याच्या नखांतलं काळं ऑइल साबणाने कधीच जात नसे.

नावाडणीच्या बाजूने मात्र कुणीच नव्हतं. चार खंड ती माणसांना नदी पार करून देते. तलवार नाही, जादू नाही, गादीवर हक्क नाही. "चार खंडांत एक माणूस मारला नाही तिने," गॅरेजवाला म्हणायचा, "मग वाचायचं काय, पाणी?" आम्ही सगळे हसायचो. तेवढ्या एका बाबतीत आमचं एकमत होतं.

आमचा सगळ्यात जुना वाद चौथ्या खंडातला. लढाई हरलेला राजपुत्र एकटा नदीकाठी येतो, रात्र पडते. पुढे उजाडतं तेव्हा तो पलीकडच्या काठावर उभा असतो आणि तिथून परत फिरून राज्य जिंकतो. त्या रात्री तो नदी पार कशी करतो? लेखकाने मुद्दाम गाळलं, याबद्दल कुणाला शंका नव्हती. मी त्यावर तेरा पानांचा निबंध लिहून वाचून दाखवला होता. चिलखतासकट पोहत गेला, असं माझं ठाम मत. टाळ्या पडल्या होत्या.

मग वाचनालय हलवायचं ठरलं. नवी जागा निम्मी. आमच्या ग्रंथपाल बाईंनी शनिवारी येऊन सरळच सांगितलं, "'चौदा'ला पाच खंडांपुरती जागा आहे. कुठले ठेवायचे ते तुम्हीच सांगा, पुढच्या शनिवारी. बाकीचे रद्दीत."

"आम्ही घरी नेऊ की," मी म्हटलं.

"शिक्का मारलेलं पुस्तक कुणाच्या घरी जात नाही. नियम तुला माहीत आहे."

माहीत होता. मीच तो दहा जणांना ऐकवला होता. म्हणजे राजपुत्र तरी राहणार किंवा जादूगारीण तरी. नावाडणीचा कुणी विचारही केला नाही.

ही बातमी मी काकांना सहज सांगितली. ते एका पुस्तकाच्या कण्याला कापड लावत होते. हात थांबला.

"नावाडीण जाणार?"

"जाणारच. तिला कोण मत देणार?"

"ताई, सगळ्यात जास्त तीच येते माझ्याकडे." त्यांनी बोटं पुसली. "सहावा खंड चार वेळा शिवलाय. आठवा पाच वेळा. तुमचा पहिला खंड एकदा. तेही उंदराने कुरतडला म्हणून."

मी म्हटलं, त्या खंडांची बांधणी कच्ची असेल. काका पुन्हा कापड लावू लागले. चारही खंड तेच बांधत आलेत, हे जिना उतरताना माझ्या ध्यानात आलं आणि मी जीभ चावली.

पुढच्या शनिवारी काका वाचनकक्षात आले. पहिल्यांदाच. अंगात धुतलेला सदरा, खांद्याला पिशवी. आम्ही अकरा जण आणि ग्रंथपाल बाई बघतच राहिलो. "मला बोलता येत नाही," ते म्हणाले. "पुस्तकं जरा टेबलावर मांडतो. चालेल?"

त्यांनी आठवा खंड घेतला, कण्यावर उभा धरला आणि दोन्ही हात सोडले. पुस्तक आपोआप एका जागी उघडलं. जिथे नावाडीण मरणाऱ्या म्हाताऱ्याला पलीकडे नेताना वल्ही मुद्दाम हळू मारते, ते पान. समासात अंगठ्याचा काळा ठसा होता. ऑइलचा. एक नाही, तीन ठसे, वेगवेगळ्या वर्षांचे.

गॅरेजवाल्याने हात टेबलाखाली घेतला. कुणी हसलं नाही. मग तो म्हणाला, "वडील गेले तेव्हा वाचलं होतं."

"आणि नंतर?" कुणीतरी विचारलं.

"नंतरही वाचलं," तो म्हणाला.

काकांनी सहावा उघडला, सातवा, नववा. प्रत्येक खंड आपल्याआपण कुठेतरी उघडत होता आणि टेबलाभोवतीचं कुणी ना कुणी मान खाली घालत होतं. एका पानावर हळद, एकावर कुणाच्या तरी लेकराने ओढलेली पेन्सिल. सातव्यातलं दुमडलेलं पान मी दुमडलेलं होतं. नोकरी लागत नव्हती त्या वर्षी. मी ते साफ विसरून गेले होते. चार खंड आम्ही चोरून वाचले होते आणि चारचौघांत त्यांची टिंगल केली होती. हे सगळं काकांना ठाऊक होतं. तोंडं न बघता, नुसत्या सुटलेल्या पानांवरून.

मग त्यांनी चौथा खंड माझ्यापुढे ठेवला. राजपुत्राचा. तो कुठेच उघडेना.

"ताई, हे तुम्ही किती वेळा वाचलंय?"

"सहा," मी म्हटलं. खरं तर चार.

"दोनशे तेरावं पान काढा."

काढलं. रात्र पडते ते पान. उलटलं, उजाडतं ते पान आलं. खाली आकडा होता दोनशे सोळा.

मी पुन्हा मागे गेले. दोनशे तेरा. पुढे दोनशे सोळा. पान बोटांना जरा जाड लागत होतं. ते नेहमीच जाड लागायचं. दोन पानं वरच्या कडेला जोडलेली होती. छापखान्यात कापताना घडी तशीच राहून गेली होती, आणि आत दोनशे चौदा नि दोनशे पंधरा मिटून बसले होते. तीस वर्षं. माझा तेरा पानांचा निबंध मला तिथल्या तिथे आठवला आणि कान गरम झाले.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"एकोणीस वर्षं झाली. बांधायला आलं तेव्हा दिसलं. बाजूच्या नि खालच्या कडा कापल्या, वरची ठेवली. कापली असती तर घडी उघडली असती."

"मग कापायची ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"न उघडलेलं पान वाचणाऱ्यानं कापायचं असतं. बांधणाऱ्यानं नाही." ते ओशाळल्यासारखे हसले. "मला वाटलं, या नाही तर पुढच्या वर्षी कुणी कापेल."

"आणि तुम्ही आत डोकावला नाहीत? खालून नुसतं बोट घातलं असतं तरी दिसलं असतं!"

"सुटलं नव्हतं ना."

ज्या प्रश्नावर आम्ही अकरा शहाणे इतकी वर्षं घसा फोडत होतो, त्याचं उत्तर या माणसाच्या हाताखालून गेलं होतं, आणि त्याने ते आमच्यासाठी मिटलेलं ठेवलं होतं. इतकी वर्षं मी या माणसाला पिशवी देऊन 'सोमवारपर्यंत करा हं' म्हणत होते.

काकांनी पिशवीतून हाडाची पट्टी काढून माझ्या हातात दिली आणि पिशवी खांद्याला लावली.

"थांबा ना, वाचते मी मोठ्याने," मी म्हटलं.

"नको. माझ्याकडे येईल तेव्हा वाचीन." आणि ते निघून गेले.

मी पट्टी घडीत घातली आणि घाईने ओढली. कड वाकडीतिकडी फाटली. मी वाचायला लागले.

राजपुत्र पोहत गेला नव्हता. तो काठावर बसून रडत होता. एक नावाडीण आली. तू कोण, असंही तिने विचारलं नाही, नावेत घेतलं. मध्यावर आल्यावर तो म्हणाला, मला परत ने, मला लढायचं नाही, मला भीती वाटते. तिने नाव थांबवली. म्हणाली, कुठे न्यायचं ते उजाडेपर्यंत ठरव, मी थांबते. आणि ती थांबली. प्रवाहाच्या मध्यात, वल्ही मारत, नाव जागेवर धरून, रात्रभर. पहाटे त्याने दुसरं वल्हं उचललं. उतरताना त्याने नाव विचारलं, तर म्हणाली, पुढच्या खेपेला सांगते.

एवढंच. दोन पानं.

माझा राजपुत्र मला इतका जवळचा कधीच वाटला नव्हता, आणि इतका लहानही. ग्रंथपाल बाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मग? कुठले पाच?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पहिला खंड मला पाठ आहे. पाचव्यातल्या राज्याभिषेकाला मी दरवेळी उभी राहून वाचते. "सहा, सात, आठ, नऊ," मी म्हटलं. "आणि चौथा."

"जादूगारीण?" बाईंनी गॅरेजवाल्याला विचारलं.

"ताई म्हणतात तेच लिहा," तो म्हणाला. त्याने मला मॅडम न म्हणण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या मंगळवारी नऊ खंड रद्दीच्या टेम्पोत चढले. ते आम्ही दोघांनीच चढवले. त्याने दहावा खंड टाकायच्या आधी बाहीने पुसला. मी पहिल्या खंडाकडे बघितलंच नाही.

नव्या जागेत पाच खंड बसले. चौथ्याला तर रांग लागली. जो तो तेवढीच पानं उघडून बघायचा, काही जण उभ्याउभ्याच. दहा महिन्यांनी एका दुपारी खंड परत आला आणि उघडला तर ती दोन्ही पानं माझ्या हातात आली. कण्यापासून सुटलेली.

मी टेबलावर 'परत येते'ची पाटी ठेवली आणि गल्लीत पळाले. धापा टाकत पानं काकांच्या पुढे ठेवली. त्यांनी वरची वाकडी कड बघितली आणि सगळं ओळखलं. उठून हात धुतले. पंच्याने कोरडे केले. चष्मा लावला. खिडकीशी धरून वाचलं, दोनशे तेरा, चौदा, पंधरा, सोळा. खळीचा कुंचला उचलला, पानाच्या कडेपर्यंत नेला आणि परत भांड्यात ठेवला.

"ताई, घाई आहे का?"

"नाही काका."

"मग बसा थोडं," ते म्हणाले. "आणखी एकदा वाचतो."